बाबांच्या पाकिटातला सिंह-ताडाचा रुपया

पत्र :

माझे वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतरही नाणी जमवायचा नाद सुटला नाही. गेल्या आषाढात ते गेले. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात दोन-तीनशे पाकिटं निघाली. त्यात शिवराया आहेत, ढब्बू पैसे आहेत, राणी छाप रुपये आहेत. एका पाकिटावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय : 'चांदी. १८३४. सिंह-ताड. नमुना? मुंबई, १९६६. टांकसाळीत विचारणे.' आत रुपयाएवढं नाणं आहे. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडापुढे उभा सिंह. ओळखीच्या सराफानं 'चांदी आहे' एवढंच सांगितलं. दादानं एका ग्रुपवर फोटो टाकला आणि फोन सुरू झाले. एक व्यापारी येत्या रविवारी साठ हजार रोख घेऊन येतो म्हणतो. दुसरा म्हणतो, कोटीचा माल आहे, पण आधी साडेचार हजार नोंदणी फी भरा. पुतण्या न्यू जर्सीला असतो. दिवाळीला येईल तेव्हा नाणं घेऊन जातो, तिथं ग्रेडिंग करून, म्हणजे दर्जा ठरवून घेऊन, विकतो, असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणतात काळं पडलंय, पितांबरीनं घासू आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवू. आई ८१ वर्षांची आहे, तिला विकायचंच नाही. दादा म्हणतो, बाबांची नाणी मुलाकडेच राहणार. नाणं खरं आहे का? किमतीचं आहे का? आणि मी यात कोणाचं ऐकू?

– एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, आधी तातडीचं सांगते. नाण्याला काहीही लावू नका. पितांबरी नको, टूथपेस्ट नको, रिठे-चिंच नको, नुसतं ओलं फडकंसुद्धा नको. साडेचार हजार भरू नका. आणि रविवारी नाणं कोणाच्याही हातात देऊ नका. या तीन गोष्टी पाळल्या तर बाकीचं सगळं सावकाश करता येईल.

घासण्याबद्दल मी एवढी का अडून बसते ते सांगते. चांदीवरचा काळपट, जांभळट, कुठं कुठं निळसर थर ही घाण नसते. हवेतल्या आणि कागदातल्या गंधकाशी चांदीचा वर्षानुवर्षं जो संयोग होतो, त्याचा तो पातळ पापुद्रा असतो. संग्राहक त्याला टोनिंग म्हणतात आणि तो सारखा, शांत चढलेला असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजतात. पावडर लावून घासलेलं नाणं दहापट मोठं करणाऱ्या भिंगाखाली धरा. राजाच्या गालावर, मोकळ्या जागेत, एकाच दिशेनं गेलेले केसासारखे बारीक ओरखडे दिसतात. नाणं पाडताना ठशाच्या दाबानं धातू जसा पसरलेला असतो, त्याची मूळ चमक त्या ओरखड्यांखाली कायमची जाते. पुन्हा काळं पडलं तरी ओरखडे जात नाहीत. वहिनींची भावना चांगली आहे. डब्यातले राणी छाप झिजलेले रुपये ताटात खुशाल ठेवा. पण त्यांनाही हळद-कुंकू लावण्यापुरताच हात लागू दे.

आता बाबांच्या प्रश्नचिन्हाकडे येते. मला त्या पाकिटावरचा सर्वांत मोलाचा शब्द 'नमुना?' हा वाटतो. बाबांनी 'नमुना' असं ठासून लिहिलं नाही, 'विचारणे' असं लिहिलं. ज्याला विषय कळतो तोच असा थांबतो.

नमुना नाणं, ज्याला संग्राहक सर्रास पॅटर्न म्हणतात, ते चलनासाठी नसतंच. नवं नाणं काढायचं ठरलं की टांकसाळीतले कोरक्ये ठसे तयार करतात, त्यांवरून मोजकी नाणी पाडतात आणि ती वरिष्ठांपुढे मंजुरीसाठी जातात. पसंत पडलं तर त्यात फेरफार होऊन नाणं चलनात येतं. नापसंत झालं तर ठसे बाजूला पडतात आणि ती मूठभर नाणी अधिकाऱ्यांच्या टेबलांतून, त्यांच्या वारसांकडून, लिलावांतून फिरत राहतात. बाजारात कधी हिंडलेली नसल्यामुळे त्यांची अक्षरं धारदार असतात. दुर्मिळता तर आहेच, पण मला त्यांच्याबद्दल जी ओढ वाटते तिचं कारण वेगळं आहे. जे नाणं होता होता राहिलं, ते या नमुन्यांतच पाहायला मिळतं.

१८३४ सालाला तर विशेष अर्थ आहे. तेव्हा चलनात असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयांवर इंग्लंडच्या राजाचं नाव नव्हतं. बंगालचा सिक्का रुपया शाह आलम बादशहाच्या नावानं निघे आणि त्यावर राज्यवर्ष १९ हेच गोठवलेलं असे, मग प्रत्यक्षात साल कुठलंही असो. मुंबई इलाख्याच्या सुरती रुपयावर ४६ वं वर्ष गोठवलेलं होतं. शाह आलम १८०६ सालीच वारला होता, तरी त्याच्या नावाचे रुपये पडतच राहिले. आपल्याकडे शिवाय पेशवाईतले अंकुशी रुपये होते, चांदवडी होते, संस्थानांचे होते. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ बट्टा कापून घेई. हा गोंधळ संपवण्यासाठी साऱ्या कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया आणायचं ठरलं. १८३५ चा १७ वा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून नवा रुपया कायदेशीर झाला : वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. सराफकट्ट्यावरचा जुना तोळा तो हाच, ११.६६ ग्रॅमचा, आताशा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात ती अलीकडची सोय. या सुधारणेत कलकत्ता टांकसाळीचा कसतज्ज्ञ जेम्स प्रिन्सेप याचा मोठा हात होता. पुढं दोनच वर्षांनी ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप तो हाच.

नव्या रुपयावर चौथ्या विल्यमचं डोकं आलं. त्याच्या नावापुढचा आकडा रोमन पद्धतीनं चार उभ्या रेघांचा कोरला आहे, ही त्या नाण्यांची सहज ओळखू येणारी खूण. दुसऱ्या बाजूला पानांच्या कड्यात इंग्रजी आणि फारसीत 'एक रुपया'. विल्यम १८३७ साली वारला, तरी हे रुपये १८३५ हेच साल घालून १८४० पर्यंत निघत राहिले, म्हणून ते आजही भरपूर मिळतात. पण हे रूप ठरण्याआधी, १८३४ साल घातलेले, मागं सिंह आणि ताड असलेले रुपयाचे नमुने कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदीत पाडले गेले होते. रुपयासाठी ते चित्र वापरलं गेलं नाही. सिंह-ताड गेला तो १८३५ च्या सोन्याच्या मोहरेवर आणि दुहेरी मोहरेवर.

आईंना एक गंमतीची गोष्ट दाखवा. शंभराची नोट घ्या आणि रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह पाहा : झाडापुढे उभा वाघ. बँक स्थापन होताना बोधचिन्हाची कल्पना कंपनीच्या दुहेरी मोहरेवरून घेतली, पण सिंहाऐवजी वाघ हा आपल्या देशाला अधिक शोभणारा म्हणून तो घातला. एका रेखाटनातला वाघ बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांना कुत्र्यासारखा वाटला होता आणि लोक हसतील अशी त्यांना काळजी पडली होती. कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर बंगल्याच्या फाटकावरच्या वाघाच्या पुतळ्याचा आधार घेऊनही पाहिला होता; नीट चित्र मिळालं ते आणखी खटपटीनंतर. बाबांच्या पाकिटातलं चित्र आणि आईंच्या बटव्यातल्या नोटेवरचं चित्र यांचं नातं एवढं जवळचं आहे.

तुम्ही पाठवलेल्या दोन फोटोंवरून मी नाणं खरं की खोटं हे सांगणार नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. तीन शक्यता आहेत.

पहिली, ते १८३४ चंच अस्सल नमुना नाणं आहे. दुसरी, ते रीस्ट्राइक आहे. म्हणजे जुन्याच ठशांवरून टांकसाळीनंच पुष्कळ नंतर पुन्हा पाडलेलं. ही शक्यता गंभीरपणे घ्या. आपल्या टांकसाळी संग्राहकांना जुन्या ठशांवरून नाणी पाडून देत असत आणि मुंबई टांकसाळीत हा प्रकार १९७० साली थांबला. पाकिटावर 'मुंबई, १९६६' आहे. बाबांनी 'टांकसाळीत विचारणे' लिहिलं ते बहुधा हेच मनात ठेवून. रीस्ट्राइक म्हणजे खोटं नाणं नव्हे, त्यालाही किंमत असते, पण अस्सल नमुन्याच्या मानानं फार कमी. ठसे मधल्या काळात पडून राहिल्यानं त्यांना गंज चढलेला असतो; त्यामुळे अशा नाण्यांच्या मोकळ्या जागेत बारीक उठावाचे ठिपके दिसतात, किंवा ठसे पुन्हा घासून चकचकीत केल्यानं बारीक नक्षी पातळ झालेली दिसते. तिसरी शक्यता, ते निव्वळ बनावट आहे. साच्यात ओतलेलं असेल तर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या मऊ असतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेवर साच्याची जोडरेषा असते. यंत्रानं पाडलेली नवी बनावट ओळखायला मात्र जाणता माणूसच लागतो.

घरी काय तपासता येईल? नाण्याला कडेवर धरायचं, बोटं दोन्ही तोंडांना लावायची नाहीत, खाली मऊ टॉवेल अंथरायचा. ओळखीच्या सराफाकडे दोन दशांश दाखवणारा काटा असेल. त्यावर आधी नुसतं वजन घ्या. ११.६६ ग्रॅमच्या आसपास असायला हवं. नमुन्यांत थोडा फरक निघू शकतो, म्हणून तेवढ्यानं घाबरू नका. मग काट्यावर डिस्टिल्ड वॉटरचा प्लॅस्टिकचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं मऊ सुती दोऱ्याच्या फासात अडकवून, तळाला न टेकता, पूर्ण बुडेल असं धरा. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. रुपयाच्या चांदीला उत्तर १०.३ च्या जवळ येतं, म्हणजे काट्यावर साधारण १.१३ ग्रॅम दिसायला हवेत. १.३ च्या पुढं गेलं तर जर्मन सिल्व्हरसारखा हलका धातू आहे आणि विषय तिथंच संपला. आकडा बरोबर आला तर चांदी आहे एवढंच सिद्ध होतं, कारण बनावट नाणंही चांदीचं असू शकतं. बाहेर काढल्यावर मऊ कापडावर ठेवून वरून नुसतं टिपा, पुसू नका.

सराफानं 'चांदी आहे' हे कसं ठरवलं, ते त्याला जरूर विचारा. कसोटीच्या दगडावर कड घासली असेल तर तो ओरखडा नाण्यावर राहिलेला असेल. यापुढे कोणालाही दगडावर घासू किंवा कानशीनं खरवडू देऊ नका. हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ यंत्र असतं. त्यात नाण्याला काही न होता वरच्या थरातला धातूचा कस कळतो. हुपरी तुमच्या जवळ आहे, चांदीची जाण असलेले हात तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण चांदी ओळखणं आणि नाणं ओळखणं ही कामं निराळी आहेत, हे लक्षात असू द्या.

तुमच्या फोटोंत कड नाही, ही मोठी उणीव आहे. नमुना नाण्यांत कडेला फार महत्त्व. जगातलं बहुधा सर्वांत नावाजलेलं चांदीचं नमुना नाणं, इंग्लंडचं १६६३ चं पिटिशन क्राउन, हे कडेमुळेच अजरामर झालंय. दुसऱ्या चार्ल्सच्या नव्या नाण्यांचं काम अँटवर्पहून आलेल्या रोटियर्स या कोरक्या भावांकडे गेलं. थॉमस सायमन हा कसबी इंग्रज कोरक्या मागं पडला; त्यानं राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलसाठी काम केलं होतं. त्यानं स्वतःचा नमुना पाडला आणि त्याच्या कडेवर दोन ओळींत राजाला अर्ज कोरला : थॉमस सायमन अत्यंत नम्रपणे विनवतो, की महाराजांनी हा नमुना डच (म्हणजे रोटियर्सच्या) नमुन्याशी ताडून पाहावा, आणि तो अधिक खरा रेखलेला, अधिक डौलदार, अधिक अचूक कोरलेला वाटला तर त्याला दिलासा द्यावा. नाण्याच्या कडेची जाडी ती केवढी, तिच्यावर इतकी अक्षरं, आणि एकही वेडंवाकडं नाही! काम त्याला मिळालं नाही. १६६५ साली तो वारला. त्याच्या त्या अर्जासाठी आज संग्रहालयं आणि संग्राहक जीव टाकतात. ज्या माणसाची कारागिरी एवढी होती, त्याला आपल्या हयातीत ते पाहायला मिळालं नाही याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

तुमच्या नाण्याच्या कडेवर अर्ज नसेल, पण कड गुळगुळीत आहे की उभ्या रेघांची, रेघा सारख्या आहेत का, कुठं जोड आहे का, हे सगळं बोलतं. खिडकीपाशी, सकाळच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा : दोन्ही तोंडं आणि कडेच्या चारही बाजू. राजाच्या मानेचा खालचा छेद जवळून टिपा, कारण कोरक्याची किंवा टांकसाळ-अधिकाऱ्याची आद्याक्षरं तिथं असू शकतात. हे फोटो ग्रुपवर टाकू नका.

मग जाणकारांकडे जा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, महाराष्ट्रातल्या माणसाला यासाठी यापेक्षा चांगलं ठिकाण नाही. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. तिथं नाण्याची ओळख पटवून मिळणार नाही, पण कंपनीची नाणी काचेमागे बघितली की तुमची नजर तयार होईल. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहाचे फोटो घरबसल्या पाहता येतात. अक्षर अन् अक्षर, सिंहाच्या शेपटीचा बाक, ताडाच्या झावळ्या ताडून पाहा. जाणकाराला विचाराल तेव्हा प्रिडमोर यांच्या सूचीतला क्रमांक कोणता, असं विचारा. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी बहुतेक जाणकार तोच क्रमांक सांगतात, आणि जो क्रमांक सांगू शकत नाही त्याचं 'पॅटर्न आहे' हे म्हणणं हवेतलं समजा. दोन वेगवेगळ्या माणसांचं मत घ्या आणि त्यांतला एकही खरेदीदार नसावा.

पाकीट जपा. ते नाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. कोणाकडून, केव्हा, कुठं आलं हे सांगता येणाऱ्या नाण्याला बाजारात वेगळा मान असतो, आणि बाबांचं अक्षर, साल, गाव हे सगळं त्यावर आहे. मागं काही लिहिलंय का? डब्यात पावती, जुनं पत्र, वहीतली नोंद सापडते का? १९६६ च्या सुमाराच्या त्यांच्या वह्या चाळा. नाणं मात्र आता त्या कागदात ठेवू नका. जुन्या कागदातलं गंधक चांदीला खातं, आणि बाजारातली मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं तर आणखी वाईट. त्यांतून हिरवा चिकट थर धरतो. कडक पारदर्शक कॅप्सूल किंवा मायलारचं पाकीट घ्या, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. डांबराच्या गोळ्या आणि रबरबँड डब्याबाहेर काढा.

पैशाचं. मी आकडा सांगणार नाही, कारण ओळख पटायच्या आधी सांगितलेला कुठलाही आकडा तुम्हाला फसवेल. वितळवलं तर त्यात दहा ग्रॅमच्या थोडी वर शुद्ध चांदी आहे, ही तळची किंमत. अस्सल नमुना निघाला तर साठ हजार हा आकडा अगदीच तोकडा आहे. बनावट निघालं तर तोच फार मोठा आहे. म्हणजे तो व्यापारी एकतर जाणतो आणि सांगत नाही, किंवा जाणत नाही आणि जुगार खेळतोय; दोन्ही वेळा तुमची घाई त्याच्या फायद्याची. विकायचंच ठरलं तर मुंबई, बेंगळुरू, अहमदाबादेत नाण्यांचे रीतसर लिलाव होतात. तिथं छापील वर्णन होतं, राखीव किंमत ठरवता येते, आणि दोन खरे जाणकार एकमेकांवर चढले की किंमत ठरते. कमिशन किती, पैसे किती दिवसांत, नाणं न विकल्यास काय, हे लेखी घ्या. विक्रीआधी सीएला विचारा; असल्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो.

नोंदणी फी मागणाऱ्याबद्दल शंकाच नको, ती फसवणूक आहे. जुनी नाणी-नोटा घेण्याच्या नावानं, कधी थेट रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून, लोकांकडून फी आणि कर उकळले जातात. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता : अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुठलीही फी मागत नाही. माल घेणारा पैसे देतो, मागत नाही. त्याच माणसानं तुम्हाला १८१८ च्या हनुमानाच्या किंवा रामदरबाराच्या 'कंपनीच्या आण्या'बद्दल सांगितलं असेल तर तेही विसरा. कंपनीनं तसली नाणी कधी काढलीच नाहीत.

पुतण्याला मात्र स्पष्ट नाही म्हणा, आणि त्याच्याच भल्यासाठी म्हणा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. खिशात घालून नेलं काय किंवा कुरिअरनं पाठवलं काय, गुन्हा तोच. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आहे. विमानतळावर एक्स-रेत नाणं लगेच दिसतं. मुलाचा हेतू वाईट नाही, पण तिथल्या ग्रेडिंग कंपनीच्या प्लॅस्टिकच्या डबीसाठी त्याचा पासपोर्ट पणाला लावू नका. उलट कोणी 'जुनं नाणं घरात ठेवणंच बेकायदा आहे, लगेच विका' अशी भीती घातली तर तेही खोटं आहे. घरात ठेवायला काही हरकत नाही.

आणि दादांचं म्हणणं. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार आई, दादा आणि तुम्ही, तिघांचा सारखा हक्क आहे. मुलाकडेच राहणार, याला कायद्यात आधार नाही. पण हे वाक्य दादांच्या तोंडावर फेकू नका. नाणं तीन ठिकाणी वाटता येत नाही, म्हणून एकत्र बसून आधी सगळ्या पाकिटांची यादी करा : पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा, वजन, फोटो. यादीवर तिघांच्या सह्या. सिंह-ताडाचं नाणं आईंच्या आणि तुम्हा दोघांपैकी एकाच्या नावानं लॉकरमध्ये. ही यादी करायला दादांनाच पुढाकार घ्यायला सांगा. ग्रुपवर फोटो टाकला तो उत्साहानं टाकला असणार, बाबांचं काहीतरी मोठं निघालं या आनंदात. तो उत्साह यादीकडे वळवा. त्या शिवराया आणि ढब्बू पैसे वेगळे करून विकू नका. एका शिक्षकानं पगारातून वाचवून जमवलेला, नोंदी केलेला अख्खा संग्रह हा सुट्या नाण्यांहून मोठा ऐवज आहे.

आईंना विकायचं नाही, हे पुरेसं कारण आहे. त्यांचा एक तृतीयांश हिस्सा आहे, आणि नाणं आजवर वाट बघत आलंय, ते आणखी काही वर्षांनी नासणार नाही. ओळख पटवण्याचं काम मात्र त्यांच्या हयातीत करा. बाबांनी लिहिलेलं 'विचारणे' राहून गेलंय. उत्तर काहीही येवो, रीस्ट्राइक म्हणून आलं तरी, ते ऐकण्याचा हक्क आईंचा आहे.

रविवारी व्यापारी आला तर चहा द्या आणि एवढंच सांगा : नाणं घरात नाही, ते तपासणीला जायचं आहे, लेखी मत आल्याशिवाय आम्ही बोलणार नाही. तोवर ते खरोखरच लॉकरमध्ये ठेवा, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही. 'आज घेतलं नाही तर उद्या हा भाव मिळणार नाही' असं तो म्हणेल. त्याचा नंबर लिहून घ्या, पुढं लिलाव झालाच तर त्यालाही कळवा. कडेचे फोटो, वजन आणि पाण्यातला आकडा मला पाठवा. शनिवारी सकाळी सराफाकडे गर्दी नसते, तेव्हा उरकून घ्या, आणि जाताना दादांना सोबत न्या.